गंजिफा, पत्ते आणि पिसणारें यंत्र

खेळाच्या साधनांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे फारशी चाल नाहीं. तह, सनदा, मोहिमा आणि वंशावळी यांच्या राशींतून वाट काढणाऱ्या इतिहासकारास फासा, कवडी, सोंगटी व पत्ता यांकडे पाहण्यास सवड न मिळावी हें स्वाभाविकच आहे. तथापि एखादा समाज परस्परांवरील विश्वासाची व्यवस्था कशी लावतो, याचा पुरावा सनदेइतकाच सोंगटींतहि सांपडतो. चार माणसें डावाला बसलीं म्हणजे त्यांच्यापुढें पहिला प्रश्न कोण जिंकणार हा नसतो. पानें पिसणार कोण, आणि त्यानें तीं सचोटीनें पिसलीं याची खात्री काय, हा असतो. पिसणाऱ्याच्या हातावरील हा भार उचलण्यासाठीं पाश्चात्य देशांत गेल्या दीडशें वर्षांत यंत्रें निघालीं. आणि एकाच यंत्राचें पानें बाहेर टाकणारें तोंड खेळागणिक बदलतां यावें, अशा रचनाहि पुढें कल्पिल्या गेल्या. या यंत्रानें मूळ प्रश्न सुटला कीं केवळ जागा बदलून बसला, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विदर्भाच्या वाचकास या प्रश्नाचें प्राचीनत्व सांगावयास नकोच. दमयंती ही याच भूमीची कन्या. नलोपाख्यानांत कलीच्या सांगण्यावरून द्वापर फाशांत शिरतो आणि नळ राज्य हरतो. कथाकारानें येथें मोठी मार्मिक गोष्ट सुचविली आहे: दोष खेळणाऱ्याच्या बुद्धींत असतो तसाच तो साधनाच्या पोटांतहि असूं शकतो, आणि तेथें तो कोणास दिसत नाहीं. पुढें ऋतुपर्णाचा सारथी होऊन नळ विदर्भाकडे येत असतां वाटेंत एका बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें राजानें पाहतांक्षणींच मोजून दाखविलीं, आणि अश्वविद्येच्या मोबदल्यांत नळानें त्याच्यापासून अक्षहृदय मिळविलें. फाशांचें मर्म आणि संख्येचें ज्ञान हीं दोन्हीं एकाच झाडाखालीं, एकाच गुरूकडून शिकविलीं गेलीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. सातपुड्याच्या रानांत बेहडा आजहि उभा आहे. त्याखालचा तो हिशेब करणारे मात्र आतां परदेशच्या विद्यापीठांत सांपडतात!

कौटिल्याची दृष्टि कथाकाराची नव्हे, कारभाऱ्याची. त्यानें द्यूताध्यक्ष नांवाचा अधिकारीच नेमून दिला आहे. जुगार एकाच नेमलेल्या ठिकाणीं चालावा, फासे व कवड्या अध्यक्षानेंच पुरवाव्या, त्यांच्या जागीं दुसरे फासे घालणारास बारा पण दंड व्हावा, आणि जिंकलेल्या रकमेवर शेंकडा पांच सरकारांत जमा व्हावे, अशी त्याची व्यवस्था. साधन खासगी हातीं राहूं द्यावयाचें नाहीं, हें त्यांतील शहाणपण. आणि साधन पुरविणाराच जिंकलेल्या पैशांत वांटेकरी, ही त्यांतील अडचण. पुढील सर्व इतिहासांत हीं दोन्हीं सूत्रें आपणांस पुन्हां पुन्हां भेटतील.

फाशाकडून पानाकडे वळलें म्हणजे वऱ्हाडच्या माणसास एक मौजेचा योग दिसतो. अबुल फजलच्या ‘आईने अकबरी’त वऱ्हाड सुभ्यांतील नरनाळा सरकारच्या परगण्यांत जळगांवचें नांव आहे, तेंच आजचें बुलढाणा जिल्ह्यांतील जळगांव जामोद. खानदेशच्या जळगांवाहून तें निराळें ओळखूं यावें म्हणून शेजारच्या जामोदचें नांव त्यास चिकटलें. ज्या ग्रंथानें सातपुड्याच्या पायथ्याच्या या परगण्याचा वसूल मांडून ठेवला, त्याच ग्रंथानें बादशहाच्या गंजिफेचेंहि तितक्याच काटेकोरपणानें वर्णन केलें आहे. अश्वपति, गजपति, नरपति, धनपति अशा बारा रंगांचीं, प्रत्येक रंगांत राजा, वजीर व दहा साधीं पानें, अशीं एकूण १४४ पानें. त्याहिपूर्वीं, १५२७ सालीं, बाबरानें सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. परगणा आणि पत्ता या दोहोंची मोजदाद एकाच दफ्तरांत व्हावी, यांत मोगली राज्यकारभाराची वृत्ति चांगली प्रकट होते.

महाराष्ट्रांत ही गंजिफा आली ती दशावतारी होऊन. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग आणि प्रत्येकाचीं बारा, अशीं १२० पानें. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हातीं त्यानें उतरावयाचें, रात्रीं कृष्णाचा ज्याच्या हातीं त्यानें. पहिल्या पांच अवतारांत दश्शी थोर तर नंतरच्या पांचांत एक्का थोर, असा उलटसुलट क्रम असल्यानें खेळणाऱ्याची स्मरणशक्ति चांगलीच कसास लागे. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं हीं पानें पिढ्यान्‌पिढ्या रंगविलीं: चिंचोक्याच्या खळीनें ताठ केलेलें कापड, त्यावर खडूचा लेप, घोटून आणलेली चकाकी, मग चित्र, आणि शेवटीं लाखेचें रोगण. छापील पत्त्यांनीं हा धंदा बुडत आणला असतां शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं उरल्यासुरल्या कारागिरांकडून ती विद्या पुन्हां चालती केली, आणि राजवाड्यांतच चिताऱ्यांस काम करावयास जागा दिली. सावंतवाडीची गंजिफा आज शिल्लक आहे ती या उद्योगामुळें.

परंतु आपला प्रश्न पिसण्याचा आहे. गंजिफेचें पान गोल आणि रोगणानें जाड. त्याची गड्डी दुभंगून दोन्ही भाग एकमेकांत घुसवितां येत नाहींत. तीं पानें फडक्यावर पालथीं पसरावयाचीं आणि तळव्यांनीं गोल गोल फिरवून कालवावयाचीं, हीच सोयीची रीत. बहुधा तिघे खेळणारे. तिघांच्याहि डोळ्यांदेखत ती कालवण चालते, आणि ज्याला शंका येईल त्याला आपला हात घालतां येतो. वरवर पाहतां ही रीत पोरकट दिसते. पण अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे गणिती पर्सी डायकोनिस, जे तरुणपणीं पोटासाठीं जादूचे प्रयोग करीत असत, त्यांनीं तिचा अभ्यास करून असा निर्वाळा दिला कीं, सुमारें एक मिनिटभर असें कालविलें तर पत्त्यांची गड्डी पुरेशी मिसळते. आपल्या आजोबांचें फडकें शास्त्राच्या कसोटीस उतरलें म्हणावयाचें!

बावन्न पानांचा विलायती जोड आला तो आधीं पोर्तुगीजांच्या गलबतांतून व पुढें इतर टोपीकरांच्या वखारींतून. आपला ‘किलवर’ डचांच्या ‘क्लावेर’शीं कसा जुळतो हें पाहिलें म्हणजे घरोघर चालणाऱ्या पांच-तीन-दोन आणि मेंढीकोटाच्या डावांतहि केवढा दर्यावर्दी इतिहास लपला आहे तें कळतें. या आयताकृति, पातळ पानानें पिसण्याची रीत बदलली. आतां पिसणें हें एकाच्या हातचें, चपळाईचें काम झालें. आणि जेथें चपळाई आली तेथें हातचलाखीची शंका आलीच. म्हणूनच पिसणाऱ्याच्या शेजाऱ्यानें गड्डी कापावयाची, ही चाल पडली.

येथें थोडें गणित पाहणें अवश्य आहे. बावन्न पानें जितक्या निरनिराळ्या क्रमांनीं लावतां येतील ती संख्या ६८ आंकडी आहे. दशावतारी गंजिफेच्या १२० पानांची १९९ आंकडी. चांगलें पिसणें म्हणजे या अफाट समुदायांतील प्रत्येक क्रमास सारखीच संधि देणें. १९९२ सालीं डेव्ह बायर व डायकोनिस यांनीं सिद्ध केलें कीं, गड्डी दुभंगून दोन्ही भागांच्या कडा एकमेकींत सोडण्याची रीत वापरली तर बावन्न पानांस सुमारें सात वेळां पिसणें लागतें. आपल्या घरोघरच्या, एका हातांतून दुसऱ्या हातांत झुबके टाकण्याच्या रीतीनें तीच मिसळ साधावयाची तर तें हजारों वेळां करावें लागेल. तात्पर्य, दिवाळीच्या सुटींत आपण जे डाव खेळतों ते बहुतेक अर्धवट पिसलेले असतात. ब्रिजच्या सामन्यांत प्रथम गणकयंत्रानें वांटलेले डाव आले तेव्हां खेळाडूंनीं तक्रार केली कीं, हे हात फारच वांकडेतिकडे येतात. वस्तुतः वांकडे हे नव्हते. पूर्वींचे, अपुऱ्या पिसण्यानें आलेले हातच फाजील सरळ होते! संवयीच्या अन्यायास मनुष्य किती सहज न्याय मानूं लागतो, याचें हें लहानसें पण बोलकें उदाहरण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पिसण्याच्या पेट्यांचीं पेटंटें इंग्लंड-अमेरिकेंत निघूं लागलीं. पुढें १९३२ सालीं, मंदीच्या ऐन काळांत, विजेचीं घड्याळें बनविणारे लॉरेन्स हॅमंड यांनीं ब्रिजचें एक टेबल बाजारांत आणलें. पानें आंत टाकलीं कीं टेबल तीं आपोआप पिसी आणि चार खेळाडूंपुढील चार कप्प्यांत तेरा-तेरा वांटून देई. याच हॅमंडांचें नांव १९३५ सालीं त्यांच्या विजेच्या ऑर्गनमुळें जगभर झालें. टेबल लोक विसरले. परंतु त्या टेबलानें एक नवी गोष्ट केली होती. पिसणें आणि वांटणें हीं दोन कामें, जीं आजवर दोन निराळ्या सावधगिरीनें चालत, तीं त्यानें एका बंद पेटींत एकत्र आणलीं.

पुढील यंत्रांत मुख्य भेद दिसतो तो याच बाहेर पडण्याच्या तोंडाशीं. कोठें सबंध गड्डी एकत्र येते. कोठें तीन-तीन किंवा पांच-पांच पानांचे हात बाहेर पडतात. कोठें एकेक पान सरकत येतें. पोटांतील रचना तीच, परंतु तोंड बदललें कीं खेळ बदलतो. ब्रिजच्या सामन्यांतील वांटणारें यंत्र तर याच्याहि पुढें जातें. तें प्रत्येक पान वाचतें आणि आधीं ठरलेल्या डावाप्रमाणें ज्या त्या कप्प्यांत नेमकें टाकतें, म्हणजे अनेक टेबलांवर तोच डाव खेळतां येतो. पिसणारें यंत्र क्रम मोडतें, हें क्रम घडवितें. बाहेरून पाहणाऱ्यास दोहोंतील फरक ओळखतां येत नाहीं.

ही शेवटची गोष्ट केवळ तात्त्विक नाहीं. जुगारगृहांसाठीं केलेल्या एका यंत्रांत दहा फळ्या होत्या. प्रत्येक पान यदृच्छेनें निवडलेल्या फळीवरील ढिगाच्या वर किंवा खालीं जाई, आणि मग सर्व ढीग एकावर एक रचले जात. कारखानदारांनीं तें डायकोनिस, फुलमन व होम्स या तिघां गणितज्ञांस तपासावयास दिलें. त्यांचा निबंध २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. पूर्ण मिसळलेल्या गड्डींतील पानें एकामागून एक उघडत जाऊन पुढचें पान ओळखावयाचें म्हटलें, तर उत्तम स्मरणाच्या माणसासहि सरासरीनें साडेचारच ओळखतां येतील. या यंत्रांतून निघालेल्या गड्डींतील मात्र सुमारें साडेनऊ ओळखतां येत होतीं, कारण चढत्या व उतरत्या क्रमांच्या माळा तिच्यांत शिल्लक राहत. ऋतुपर्णाची विद्या ती हीच. येथें निदान यंत्र प्रामाणिक होतें. अपुरें होतें इतकेंच.

त्यानंतरच्या यंत्रांत पानें पुरीं आहेत कीं नाहींत हें तपासण्यासाठीं कॅमेरा आला. जो पानें मोजतो तो तीं ओळखतोहि. २०२३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं जाहीर प्रयोगांत दाखविलें कीं, अशा एका प्रचलित यंत्राच्या बाहेरील जोडणींतून आंत शिरून साऱ्या गड्डीचा क्रम काढतां येतो. आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनीं जो अभियोग दाखल केला, त्यांत फेरफार केलेल्या पिसणाऱ्या यंत्रांच्या साह्यानें खेळाडूंस लुबाडल्याचा आरोप आहे. द्वापर फाशांत शिरतो ही कविकल्पना नव्हती, असेंच म्हणावें लागतें.

महाराष्ट्रानें जुगारगृहांसाठीं १९७६ सालीं केलेला कायदा कधींच अंमलांत आणला नाहीं व २०२३ सालीं तो रद्द केला. गोव्यांत मात्र मांडवीच्या पात्रांतील जहाजांवर हा व्यवहार चालतो. त्यामुळें आपल्या बहुतेक वाचकांचा अशा यंत्राशीं संबंध येणार नाहीं. परंतु यंत्राच्या मागें असलेला प्रश्न आपल्या अंगणांतला आहे. जळगांव जामोद तालुक्यांतील भेंडवळ येथें अक्षय्यतृतीयेच्या सायंकाळीं शेतांत घट मांडतात. वर्तुळांत अठरा धान्यें, मध्यें खड्ड्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांचीं चार ढेंकळें, त्यांवर पाण्याची घागर, पुरी, पापड, विडा. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाहीं. वारा, किडामुंगी काय उलथापालथ करील ती करो. सूर्योदयापूर्वीं ती पाहून पीकपाण्याचें भाकीत सांगतात. त्या भाकितास शास्त्राचा आधार नाहीं हें उघड आहे. तथापि हजारों शेतकरी तेथें जमतात याचें एक कारण असें दिसतें कीं, त्या मांडणीशीं कोणाचा स्वार्थी हात लागलेला नाहीं, अशी त्यांची भावना असते.

हीच भावना अधिक सुज्ञ रूपांत तहसिलींत दिसते. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हां पुष्कळ ठिकाणीं एखाद्या लहान मुलास पुढें बोलावून सर्वांसमक्ष चिठ्ठी काढावयास सांगतात. तें मूल म्हणजे आपलें पिसणारें यंत्र! त्याला गणित येत नाहीं. आणि चिठ्ठ्या नीट कालविल्या आहेत कीं नाहींत हेंहि तें पाहत नाहीं. तरी ज्यांचीं गांवें त्या सोडतींत हुकतात, ते बहुधा मुकाट्यानें घरीं जातात. कारण भांडें त्यांच्यासमोर होतें आणि हात त्यांच्यासमोर घातला गेला. याच्या उलट बंद पेटी कितीहि उत्तम पिसो, हरणाऱ्याच्या मनांत ती शंकाच ठेवते, आणि ती शंका निराधार नसते, हें वर दाखविलेंच आहे.

न्याय्य वांटणीस दोन गोष्टी लागतात: मिसळ पुरी व्हावी, आणि ती झाली हें हरणाऱ्यास पाहतां यावें. पहिली गोष्ट गणितानें शिकविली, आणि तिच्यासाठीं यंत्राचे आभार मानण्यास हरकत नाहीं. दुसरी गोष्ट सावंतवाडीच्या फडक्यावर पूर्वींपासून होती. नोकऱ्यांच्या, घरांच्या, शाळाप्रवेशांच्या सोडती दिवसेंदिवस गणकयंत्राच्या पोटांत चालल्या असतां, त्या पोटास एखादी खिडकी ठेवण्याचा आग्रह आपण धरला पाहिजे. कौटिल्यानें फासे सरकारी केले; ते उघड्यावर तपासूं देण्याचें काम अद्याप राहिलें आहे.