गुडघ्यावरचे मलम : आजीच्या लेपापासून आजपर्यंत

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्ही काही लिहाच, असा आग्रह झाला. सभेला जमलेल्या भगिनींकडे पाहिले आणि विषय आपोआप सुचला. सतरंजीवर बसलेल्या दोघी-तिघी, बाकी साऱ्या खुर्च्यांवर! गुडघेदुखी ही आपल्या मंडळाची जणू आजीव सभासदच झाली आहे.

माझे बालपण नागपुरात महालातल्या वाड्यात गेले. थंडी पडली की आजीचे गुडघे धरत. मग आई निर्गुडीचा पाला वाफवून शेक देई, आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून ऊन लेप घाली. त्याने आजीला बरे वाटे. एकदा मात्र कुणाच्या सांगण्यावरून तिने बिब्बा तापवून त्याचे तेल लावून घेतले. बिब्बा उतला, फोड आले आणि ती पंधरा दिवस अंथरुणावर पडून राहिली. रोगापेक्षा औषध भयंकर, ते असे. वरून लावायचे म्हणजे निरुपद्रवीच, ही समजूत माझ्यापुरती त्या दिवशी संपली.

घरचे लेप पुढे मागे पडले आणि डब्या-बाटल्या आल्या. काशीनाथुनी नागेश्वरराव पंतुलु यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन सुरू केले. आपल्या नागपूरचे केशव विष्णू पेंढरकर मुंबईला गेले व १९५२ मध्ये परळच्या राहत्या घरात त्यांनी विकोचा उद्योग मांडला. आरंभ दंतमंजनाचा, पुढे अंगदुखीवरचे नारायणी क्रीमही त्याच घराण्यातून आले.

अशा मलमांत बहुधा पुदिन्याचे फूल, कापूर, नीलगिरी, गंधपुरा यांचे मिश्रण असते. कातडीला गार किंवा ऊन वाटते, मन तिकडे गुंतते आणि खालची कळ थोडी विसरते. आतली सूज उतरविण्याचे त्यांचे सामर्थ्य बेताचेच.

सूज का येते, याचा मोठा उलगडा १९७१ मध्ये लंडनला जॉन व्हेन यांनी केला. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती सूज आणि वेदना वाढवितात. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे त्यांची निर्मिती रोखतात. या शोधासाठी व्हेन यांना १९८२ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षणही करतात. म्हणजे गुडघ्यासाठी घेतलेली गोळी पोटातले कवच काढून घेते!

हे मला फार उशिरा कळले. माझ्या सासूबाई वर्षानुवर्षे कुणालाही न विचारता वेदनाशामक गोळी घेत असत. 'कामं कोण करील?' हे त्यांचे उत्तर. एके दिवशी त्यांना रक्ताची उलटी झाली. इस्पितळात आठ दिवस काढून त्या घरी आल्या, पण ते दिवस मी विसरलेली नाही.

त्याच जातीचे डायक्लोफिनॅक हे औषध १९७३ मध्ये तयार झाले आणि पुढे त्याचे जेल निघाले. जेल गुडघ्यावर लावले तर गोळीच्या मानाने रक्तात सुमारे ६ टक्केच औषध उतरते. म्हणून पोटाला धोका पुष्कळ कमी. गुण किती? गुडघ्याच्या झिजेवर झालेल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा दहांतल्या सहांचे दुखणे निम्म्याने उतरलेले आढळले. पण औषध नसलेले मलम लावूनही दहांतल्या पाचांना तसाच आराम पडला होता! मला तर यात चोळणाऱ्या हाताचा आणि काळजीचा वाटा दिसतो. आईचा तो ऊन लेप अगदीच वाया गेला नव्हता.

भगिनींनो, चार गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. जेल गुडघ्याला व बोटांच्या सांध्यांना उपयोगी. खुब्याचा सांधा फार खोल, तिथे ते पोचत नाही. जखमेवर लावू नये, वरून शेक देऊ नये, लावल्यावर हात धुवावेत. मूत्रपिंडाचा विकार, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आपण घरातल्या सर्वांचे पाय चेपले. स्वतःचे दुखणे मात्र गोळीबरोबर गिळून टाकले. निदान यापुढे ते बोलून दाखवावे. हा लेख वाचून एका भगिनीने जरी ती रोजची गोळी डॉक्टरांना दाखविली, तरी माझे लिहिणे सार्थकी लागले असे मी मानीन.