संगणक बोलू लागण्यापूर्वीची शांतता

कोऱ्या संगणकावर प्रथम ऑपरेटिंग सिस्टीम बसवावी लागते. डोळस मनुष्य पडद्यावरचे प्रश्न वाचतो, उत्तरे देतो, काम संपते. अंध वापरकर्त्याला तो पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र स्वतःच एक प्रोग्रॅम. तो सिस्टीम बसल्यावरच चालणार. आवाजाची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच घटकेला संगणक मुका! म्हणजे शेजारी कोणीतरी डोळस हवाच. लिनक्सच्या जगात ही कोंडी फुटण्यास जवळजवळ दोन दशके लागली. त्याचीच ही हकिकत. 🧵

तिचा एक धागा पुण्याचा आहे. टी. व्ही. रमण यांचा जन्म १९६५ मध्ये पुण्यात झाला. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठाची गणितातील पदवी, मुंबईच्या आयआयटीतून एम.एस्सी. आणि पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ, असा त्यांचा प्रवास. गणिती मजकूर ऐकवणारी 'ॲस्टर' ही प्रणाली त्यांच्या पीएच.डी.चा विषय होती. हेच नाव त्यांच्या मार्गदर्शक श्वानाचे!

१९९५ मध्ये रमण यांनी 'ईमॅक्सस्पीक' प्रसिद्ध केले. साधा स्क्रीन रीडर दिनदर्शिकेवरून नुसती आकड्यांची ओळ वाचत जाई; ईमॅक्सस्पीक वार, तारीख आणि महिना सांगे. कारण ते पडद्यावरची अक्षरे चाचपत बसत नव्हते, ईमॅक्स या संपादकाच्या आत शिरून अर्थ काढत होते. ईमॅक्सचा स्रोत खुला नसता तर हे शक्यच नव्हते. तरीही मूळ अडचण उरलीच: ईमॅक्स चालण्यासाठी सिस्टीम आधी बसलेली हवी.

त्याच वर्षी 'बीआरएलटीटीवाय' आले. ते पडद्यावरचा मजकूर ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे वरखाली होणाऱ्या बारीक टाचण्यांच्या पट्टीवर, उमटवते.

कॅनडातील कर्क रायझर यांनी 'स्पीकअप' थेट कर्नलमध्ये, लिनक्सच्या गाभ्यातच, घातले. यंत्र सुरू होते तेव्हा कर्नल जागा होतो. मग त्याच्याबरोबर वाणीही जागी होणार. युक्ती साधी, परिणाम मोठा. स्लॅकवेअरने असा कर्नल इन्स्टॉलेशनसाठीही उपलब्ध केला. उणीव एकच: स्पीकअपला सुरुवातीच्या काळात बोलण्यासाठी बाहेरून जोडलेली वाणीपेटी लागे, आणि ती काही फुकट मिळत नसे.

पेटीची जागा अखेर सॉफ्टवेअरने घेतली. जोनाथन डडिंग्टन यांचे 'ईस्पीक' आकाराने इतके लहान की ते इन्स्टॉलरमध्येच मावते. २०१३ च्या डेबियन ७ पासून सुरुवातीच्या मेनूवर 'एस' आणि मग एंटर दाबले की इन्स्टॉलर बोलू लागतो. डेबियनच्या या कामात सॅम्युएल तिबो यांचा वाटा मोठा आहे.

पण मेनू आला हे न पाहता कळणार कसे? त्यासाठी संगणक 'बीप' करतो: जुन्या बायोसच्या यंत्रावर एकदा, ईएफआयच्या यंत्रावर दोनदा.

ब्रेल डिस्प्लेची कथा अधिक नाजूक. यूएसबीचा डिस्प्ले इन्स्टॉलर आपोआप ओळखतो. जुन्या सीरियल पोर्टवरचा मात्र ओळखत नाही, कारण तशी चाचपणी करताना काही उपकरणे बिघडू शकतात. तेथे वापरकर्त्यालाच न दिसणाऱ्या पडद्यावर उपकरणाचे नाव टाइप करावे लागते. इन्स्टॉलेशन संपले की निवडलेली वाणी किंवा ब्रेल नव्या सिस्टीममध्येही आपोआप सुरू राहते. ही सोय नसती तर पहिल्याच रीस्टार्टला पुन्हा शांतता झाली असती.

आणि स्पीकअप? ते अधिकृत कर्नलच्या 'स्टेजिंग' या उमेदवारीच्या विभागात २०१० मध्ये आले आणि तेथेच सुमारे दहा वर्षे पडून राहिले. ज्या वाणीवर अंध वापरकर्ते विसंबून होते, तिला इतकी प्रतीक्षा करावी लागणे विचित्रच. २०२० च्या लिनक्स ५.९ मध्ये ते त्या विभागातून बाहेर पडून मुख्य कर्नलमध्ये दाखल झाले.