अंड्याचा गृहप्रवेश

मराठी माणसाला इतिहासाची भारी हौस. कोणता किल्ला कोणत्या साली कुणी घेतला हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण मराठी मध्यमवर्गीय स्वयंपाकघर नावाचा जो अभेद्य किल्ला, तो अंड्याने केव्हा सर केला ते विचारा. भले भले इकडेतिकडे बघू लागतात. या मोहिमेची बखर निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

मी पडलो बी. कॉम., त्यातून बँकेतला कारकून. इतिहासाशी माझा संबंध जुन्या लेजरांवरची धूळ झटकण्यापुरता. पण कारकुनाला एक गोष्ट पक्की कळते. शिल्लक दिसते आहे, त्या अर्थी कधीतरी जमेची नोंद झालेली असणार. आज आमच्या फ्रिजच्या दारात सहा अंडी, कुणाच्या बापाची भीती नसल्यासारखी, उघड उघड बसलेली असतात. ती तिथे आली कशी?

अगदी मुळापासून बघायचं तर 'ब्रह्मांड' या शब्दातच अंडं आहे. अखिल विश्वाला अंड्याची उपमा द्यायची आणि कोंबडीचं अंडं मात्र उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हे आपल्यालाच जमतं. मनुस्मृतीने पाचव्या अध्यायात द्विजांना गावकोंबडा वर्ज्य सांगितला. आता 'गावकोंबडा' म्हटल्यावर रानकोंबड्याला वाट मोकळी राहिली, हे कुठलाही कारकून सांगेल; परिपत्रकात जे लिहिलेलं नाही ते चालतं. चरकसंहिता तर चक्क अंड्याच्या बाजूने आहे. हंस, चकोर, कोंबडी, मोर आणि चिमणी यांची अंडी खोकल्यावर, हृदयाच्या विकारावर आणि जखमी माणसाला हितकर असल्याचं तिच्यात म्हटलं आहे. चिमणीच्या अंड्याचं ऑमलेट किती जणांत पुरवायचं, हा प्रश्न चरकाचार्यांनी बहुधा गृहिणींवर सोपवला असावा.

आमच्याकडे मात्र अंड्याच्या आधी अंड्याचं नाव आलं. म्हणजे टोमॅटो ऑमलेट! डाळीचं पीठ, टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, चिमूटभर हळद. अंडं औषधालासुद्धा नाही. वास्तविक हे धिरडंच. पण धिरडं म्हटलं की शेजारी ढुंकून बघत नाहीत आणि ऑमलेट म्हटलं की घर सुधारलेलं दिसतं. बँकेत हल्ली शून्य शिल्लक खाती उघडतात ना, तशातला प्रकार. खातं आधी उघडून ठेवायचं, रक्कम येईल तेव्हा येईल.

खरी रक्कम तोवर बाहेरच फिरत होती. गिरगावातल्या आमच्या चाळीपासून धोबीतलाव फार लांब नाही, आणि तिथे १९०४ पासून कयानींचं दुकान आहे. पुण्याच्या मंडळींना डेक्कनवर १९३५ पासून गुडलक आहे. इराणातल्या यझ्द आणि केरमानकडून आलेल्या या माणसांनी ऑमलेट-पाव आणि ब्रून-मस्का यांची गोडी कुणाची जात न विचारता लावली. पारशी तर त्यांच्याही पुढे. भेंडी शिजली, घाल वर अंडं. बटाटा शिजला, घाल वर अंडं. आमचे बाबा ऑफिसला जाताना इराण्याकडे वळत, हे घरात सर्वांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी घरात शिरण्यापूर्वी ते बडीशेप खात. सकाळच्या ऑमलेटवर संध्याकाळी बडीशेप!

घरात अंडं येण्याचं निमित्त झालं माझा खोकला. पावसाळा सुरू झाला की मी खोकायला लागे तो दसऱ्याला थांबे. डॉक्टर म्हणाले, "याला रोज एक अंडं द्या."

"त्याच्याऐवजी दुसरं काही नाही का हो चालणार?" आईने विचारलं.

"चालेल की. दोन अंडी द्या."

प्रकरण अण्णांपुढे गेलं. अण्णा म्हणजे माझे आजोबा. खादीधारी, पहाटे चारला उठणारे, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूला मंजुरी देणारे. खालच्या मजल्यावरच्या वैद्यबुवांनी चरकाचा दाखला दिला. अण्णा शांतपणे म्हणाले, "चरकांनी चकोराचंही सांगितलंय. ते मिळेपर्यंत थांबू." मग बाबांनी ठेवणीतलं शस्त्र काढलं. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी आरोग्यावर एक लहानसं पुस्तक लिहिलं. ज्यातून पिल्लू निघूच शकत नाही असं अंडं, ज्याला दूध चालतं त्याला चालायला हरकत नसावी, असा त्यांचा त्यात अभिप्राय आहे. अण्णांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. "ते स्वतः खात नव्हते," एवढंच बोलले. पण खादीच्या सदऱ्याला तो वार बसला होता.

मंजुरी मिळाली ती बँकेच्या कर्जासारखी, अटींसकट. अंडं शिजेल ते गॅलरीत. स्टोव्ह वेगळा, तवा वेगळा, उलथनं वेगळं. टरफलं घरात क्षणभर राहता कामा नयेत. ती वर्तमानपत्रात गुंडाळून बाबांनी नाक्यावरच्या पेटीत टाकायची. अंडं हा शब्दही उच्चारायचा नाही. त्याला 'पांढरा बटाटा' म्हणायचं. सबंध चाळ आमच्याकडच्या पांढऱ्या बटाट्यांना अंडीच म्हणत असे, ती गोष्ट वेगळी.

आता गिरगावातली चाळ, जुलै महिना आणि उघडी गॅलरी हे गणित तुम्हीच मांडा. रविवारी सकाळी आई गॅलरीत स्टोव्हपुढे उकिडवी बसे आणि बाबा तिच्यावर, म्हणजे मुख्यतः स्टोव्हवर, छत्री धरून उभे राहत. आई पितळी वाटीत अंडं फोडी, चमच्याने खडखड फेटी, कांदा-मिरची टाकी. पातळ मिश्रण तव्यावर पसरलं की चर्र आवाज होई, तो पावसाच्या आवाजातही ऐकू येई. कडा जरा फुगल्या, खालून तांबूस झाल्या की उलथन्याने एक गिरकी. बेकरीतला पाव पावसाळ्यात नेहमी किंचित दमट. तो त्याच तव्यावर दाबून गरम करायचा, म्हणजे कांद्याचे राहिलेले कण त्याला चिकटतात. हे मी आजही सांगतो, पंचतारांकित हॉटेलवाल्यांना ते कण चिकटवता येत नाहीत.

आई स्वतः अंडं खात नसे. मीठ किती पडलं हे ती चाखून बघू शकत नव्हती. तरी ते कधी चुकलं नाही. "मीठ बरोबर आहे ना रे?" एवढं मात्र ती दर रविवारी विचारी आणि उत्तर येईपर्यंत उलथनं हातात धरून थांबे.

१९८९ च्या जुलैतल्या एका रविवारी वारा असा फिरला की बाबांची छत्री उलटी झाली आणि स्टोव्ह विझला. पिन मारून, काकडा पेटवून आईने पुन्हा लावला; पुन्हा विझला. तव्यात अर्धं कच्चं ऑमलेट, त्यात पावसाचे थेंब, दारात खोकणारा मी. आतल्या खाटेवरून अण्णांचा आवाज आला, "आत घ्या ते."

आईला वाटलं, माणसांना आत बोलावताहेत. ती पदर पिळत आत आली.

"अगं, ते घे म्हणतोय. पोरगं उपाशी राहील."

आई तवा घेऊन उंबऱ्याशी थबकली. अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. तवा गॅसच्या शेगडीवर चढला, आणि पुन्हा कधी गॅलरीत गेला नाही. ते ऑमलेट थोडं पाणचट लागलं होतं. आमच्या घराण्यापुरती इतिहासातली नोंद एवढीच. चरकांनी सांगून, गांधींनी सांगून जे उंबऱ्यावर अडलं होतं, ते पावसाने आत ढकललं.

बाहेर तोवर बरंच काही घडून गेलं होतं. रानकोंबडी बिचारी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. फार्मातली कोंबडी तीनशेच्या वर. इतका व्याजदर कुठलीही बँक देत नाही. पण भाव व्यापारी ठरवत आणि पोल्ट्रीवाला शेतकरी तोट्यात जाई. डॉ. बी. व्ही. राव यांनी गावोगाव फिरून त्या शेतकऱ्यांना एकत्र आणलं, आणि १९८२ साली अंडी समन्वय समिती उभी राहिली. भाव उत्पादक जाहीर करू लागले. याच समितीने दूरदर्शनवरून यमक जुळवून सांगितलं, की रविवार असो वा सोमवार, अंडं रोज खा. रविवारबद्दल आईची तक्रार नव्हती. "सोमवारी? शंकराच्या वारी?" म्हणून तिने टीव्ही बंद केला. देशाचे आकडे मात्र बोलतात. १९५०-५१ साली भारतात माणशी वर्षाला ५ अंडी येत होती. २०२३-२४ मध्ये १०३. शिफारस आहे १८० ची.

बाकीची ७७ गेली कुठे, हे मी सांगतो. पंचांगात गेली. पावसाळी सकाळ आणि अंडं यांचा योग आमच्या घरात किती दुर्मिळ, ते २०२३ च्या ताळेबंदावरून कळेल. त्या वर्षी पाऊस मुंबईत २५ जूनला आला, दिल्लीतही त्याच दिवशी. असं १९६१ नंतर प्रथमच घडलं. आषाढ अमावास्या १७ जुलैला. म्हणजे एकूण दिवस २३. त्यातून ४ सोमवार शंकराचे, ३ गुरुवार दत्ताचे, ३ शनिवार मारुतीचे वजा. ८ जुलैला दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी; पण मारुतीला सुट्टी नव्हती. आषाढी, कामिका आणि संकष्टी तिन्ही गुरुवारीच आल्या, एवढीच काय ती देवाची कृपा. बायकोचे ३ मंगळवार वजा. उरले १०. त्यातले बुधवार-शुक्रवार लोकल पकडण्यात जातात. राहिले ४ रविवार. शेवटचा आखाडाचा, त्या दिवशी सगळं गाव मटणाच्या रांगेत, अंड्याला कोण विचारतो? निव्वळ शिल्लक ३. आणि पुढे श्रावण. तोही अधिकासह, १८ जुलै ते १५ सप्टेंबर, सलग ६० दिवस! मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. तोवर पाऊस परतीच्या गाडीत बसलेला.

अर्थात आमची ही रडकथा पोट भरलेल्यांची. त्याच २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने शाळेतल्या पोरांना आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्याला केळं. त्यावरही वाद झालाच. २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्यासाठी पैसे देणं थांबवलं. हवं तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. आठवड्याला एक अंडं! माझ्या खोकल्याला एक अख्खं घर हललं होतं. त्या पोरांच्या बाजूने गॅलरीत छत्री धरून कोण उभं राहणार, ते मला कळत नाही.

आई आता आमच्याकडे डोंबिवलीला असते. अंडं अजून खात नाही. पण पंचांग तिच्या ताब्यात आहे, आणि २०२६ चं कॅलेंडर भिंतीवर लावताना तिनेच ते शोधून काढलं. त्या साली अधिक महिना ज्येष्ठात. आषाढ अमावास्या थेट १२ ऑगस्टला. ११ जूनपासून मोजले तर रविवार ९. एकादशी-चतुर्थी सापडली की ते कमी होतात, तेव्हा ती चष्मा लावून एकेक तारीख तपासत बसली होती, आणि चालणाऱ्या रविवारांवर पेन्सिलने बारीकशी वाटोळी खूण करत होती. अगदी वाटोळी नव्हे. जराशी लांबट.