डोंबिवलीच्या नावाचे कुळ

कोल्हापूरची महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबई गाठण्याआधी कल्याण सोडून डोंबिवलीवरून जाते. या स्थानकाचे नाव संख्यांच्या एका कुळाला मिळाले आहे, हे गाडीत बसलेल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्या कुळातली ही थोरली: १२३४५६७८९८७६५४३२१. अंक सतरा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली स्थाननामे लावली, तर डावीकडचा पहिला एक ‘मध्य’ स्थानी येतो. आणखी एक घर असते तर परार्ध झाला असता. उलटी वाचली तरी तीच. ही नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग आहे. कागदावर गुणाकार मांडून पाहा. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते, रकान्यांत एक, दोन करत नऊपर्यंत एक साठतात आणि तसेच उतरतात. हातचा कुठेच येत नाही. दहा एकांचा वर्ग करायला घेतला की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा आडवा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे बिघडते. म्हणून आपली संख्या त्या डौलदार रांगेतली शेवटची.

या कुळाला नाव दिले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिक्षण. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. जुन्या जी.आय.पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या स्थानकात त्यांना हे सुचले. ते स्थानक म्हणजे तेव्हाचे डेम्लो, आजचे डोंबिवली. म्हणून या ‘डेम्लो’ संख्या. कुळाची खूण सोपी: मधला अंक बाजूला ठेवून दोन्ही बाजू मिळवल्या की त्याच अंकाची माळ होते. १६५ मध्ये एक नि पाच मिळून सहा. आपल्या थोरलीत १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ मिळवा: नुसते नऊ, आठ वेळा.

कापरेकरांच्याच दुसऱ्या वर्गातही ती बसते. अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या ती ‘हर्षद’. हिच्या अंकांची बेरीज ८१. भागाकार येतो १२३४५६७९ या, आठ गायब असलेल्या संख्येचा वर्ग.

पुष्कळ विद्वानांनी हे सारे पोरखेळ म्हणून बाजूला सारले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर जगाचे लक्ष गेले. खेळ आहेच, पण खडू-फळ्यावर खेळता येणारा आणि शाळकरी पोरालाही पडताळता येणारा. मला तर हाच त्याचा मोठेपणा वाटतो.

राहता राहिले अवयव. ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांच्या गुणाकारातून ही संख्या होते. तिचे विभाजक भरतात ४५. आणि ४५ चा वर्ग २०२५, त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे मिळवले की पुन्हा ४५. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात.