रेषेची साक्ष

दिल्लीहून पानिपतास जाणारा मराठी मनुष्य तेथे प्रथम एक झाड शोधतो, आणि ते झाड तेथे नसते. शहरापासून सात-आठ किलोमीटरांवर ‘काला अंब’ म्हणून जे स्थान दाखवितात, तेथे आंबा नाही. विटांचा एक स्तंभ आहे आणि त्याच्या भोवती लोखंडी कुंपण आहे. १४ जानेवारी १७६१ च्या संहारानंतर येथला आम्रवृक्ष काळवंडला अशी लोककथा आहे. वृक्ष कालांतराने वठून गेला, नाव तेवढे राहिले. जे गेले त्याच्या जागी एक खूण उभी करावयाची आणि त्या खुणेवरून गेलेले ओळखावयाचे, ही मनुष्याची फार जुनी रीत आहे. इतिहासाचा अभ्यासक तरी याहून निराळे काय करतो?

सरकारी कामाच्या निमित्ताने माझे वास्तव्य दिल्लीत असताना एका १४ जानेवारीस मी तेथे गेलो होतो. त्या दिवशी महाराष्ट्रातून आणि हरियाणातूनही पुष्कळ लोक स्मरणासाठी जमतात. सकाळचे धुके नुकते निवळले होते. कोल्हापूरकडून आलेल्या एका पथकाने लेझीम धरले, हलगी कडाडू लागली आणि माणसे गोलाकार उभी राहिली. गर्दीच्या कडेला एक विशीतला तरुण मांडीवर वही घेऊन बसला होता. त्याची दृष्टी खेळणारांवर खिळलेली होती आणि हात कागदावर आपापला चालला होता. पंधरा मिनिटांत त्याने कागदाकडे क्वचितच पाहिले असेल. खेळ थांबल्यावर मी त्याच्या वहीत डोकावलो. एका पानावर वाकलेल्या कमरेची एक जोरकस रेषा होती, तीमधून वर उसळलेला एक हात होता. चेहरा नव्हता आणि पावले तर मुळीच नव्हती. मी विचारले, “अरे, ह्याचे पाय कुठे गेले?” तो संकोचून म्हणाला, “पाय हुकलं, साहेब. पण जोर कुठनं आला, ते घावलं.”

त्याचे हे उत्तर मी पुढे अनेक दिवस मनात घोळवीत राहिलो. आणि आश्चर्य असे की, त्या उत्तराचा अर्थ मला चित्रकलेच्या पुस्तकात सापडण्याआधी पानिपताच्याच इतिहासात सापडला.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. म्हणजे पानिपताच्या मोहिमेत चालत असलेल्या माणसांनी चालता चालता लिहिलेली पत्रेही आहेत. तोपर्यंत पानिपताची कथा आपण मुख्यतः बखरींतून ऐकत होतो. बखरीला डौल असतो, रस असतो. परंतु बखरकार लिहावयास बसतो तेव्हा त्याला शेवट ठाऊक असतो. म्हणून तो पहिल्या पानापासूनच शेवटाची छाया पाडीत जातो. पत्रलेखकास उद्या काय होणार हे ठाऊक नसते. दाणागोटा कोठून येईल, यमुनेला उतार आहे की नाही, अमुक सरदार येऊन मिळेल की नाही, एवढीच त्याची चिंता असते. त्याचे वाक्य अपुरे असेल, त्याची बातमी चुकीचीही ठरेल; पण तो क्षण त्या क्षणातूनच पाहिलेला असतो. समकालीन पत्राला राजवाडे यांनी बखरीच्या वर स्थान दिले, ते याच कारणास्तव.

प्रत्यक्ष चालू असलेले नृत्य पाहत पाहत काढलेले रेखाटन हे असे रणातले पत्र आहे, आणि घरी येऊन सावकाश रंगविलेले नर्तकीचे चित्र ही बखर आहे. रेखाटणारास नर्तकाचे पुढचे पाऊल ठाऊक नसते. तो जे धरतो ते जाता जाता धरतो, आणि पुष्कळसे त्याच्या हातून सुटून जाते.

आपल्याकडे नृत्याच्या बखरी विपुल आहेत आणि त्या थोर आहेत. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात एक नर्तकी आहे. तिच्या दोहो बाजूंस मिळून सहा स्त्रिया वाद्ये घेऊन बसल्या आहेत. त्या दगडापुढे उभे राहिले की कानांत लय घुमू लागते. वेरूळच्या पंधराव्या आणि एकविसाव्या लेण्यांतील नृत्यमग्न शिवाचेही तसेच. परंतु हे शिल्प कोरण्यास लागलेला काळ आणि त्या नृत्यास लागलेला क्षण यांत अंतर फार. कोण्या शिल्पकाराने ती नर्तकी कधीतरी डोळ्यांनी पाहिली असेल, मनात साठविली असेल. त्याचे ते पहिले टिपण मात्र आपल्यापर्यंत आलेले नाही.

ते टिपण कसे असू शकते याचे एक प्रसिद्ध उदाहरण युरोपात घडले. १९०६ साली कंबोडियाचे राजे सिसोवाथ यांच्याबरोबर त्यांच्या दरबारच्या नर्तकी फ्रान्समध्ये आल्या. त्यांचे नृत्य पाहून ओग्युस्त रोदँ हा पासष्ट वर्षांचा शिल्पकार इतका वेडावला की, त्या मार्सेयला गेल्या तेव्हा तोही पाठोपाठ गेला. थोड्या दिवसांत त्याने सुमारे दीडशे रेखाटने केली. कागदाकडे न पाहता, केवळ समोरच्या देहाकडे पाहत पेन्सिल चालवावयाची, ही त्याची पद्धत होती. पुढे त्यांतील अनेक चित्रांवर त्याने जलरंगांचा हात फिरविला. म्हणजे पत्राच्या समासात बखरीच्या ओळी लिहिल्या! तथापि मूळची रेषा त्या रंगाखालूनही वेगळी ओळखू येते.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची हकीकत वीस वर्षांनंतरची आहे आणि तिचा आरंभ मुंबईत होतो. उदयशंकर हे १९१८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, ते नर्तक होण्यासाठी नव्हे, तर चित्रकार होण्यासाठी. तेथून १९२० मध्ये ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेले. १९२३ साली ॲना पावलोव्हा या रशियन नर्तकीने त्यांना आपल्याबरोबर रंगमंचावर आणले आणि चित्रकाराचा नर्तक झाला. त्या वेळी त्यांच्यापाशी कोणत्याही घराण्याची तालीम नव्हती. भारतीय शिल्पांतील आणि चित्रांतील उभे राहण्याच्या तऱ्हा त्यांनी डोळ्यांनी उचलल्या आणि त्यांना गती दिली. ज्याला आज आपण भारतातील समकालीन नृत्य म्हणतो, त्याचा एक मोठा प्रवाह येथून निघाला.

१९२६ साली झुरिच येथे उदयशंकरांचे नृत्य ॲलिस बोनर या स्विस शिल्पकार स्त्रीने पाहिले. बोनरबाईंचा जन्म १८८९ चा. म्हणजे वयाची पस्तिशी उलटलेली, हात तयार झालेला. त्यांनी या नर्तकाची रेखाटने केली, त्यांवरून शिल्पे केली. परंतु त्या रेषांनी त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये पुन्हा भेट झाली. १९३० साली दोघांनी भारतभर प्रवास करून नृत्ये, वाद्ये आणि मंदिरे पाहिली, आणि बोनरबाईंच्या साहाय्याने उदयशंकरांचे नृत्यपथक उभे राहिले. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य विष्णुदास शिराळी हे त्या पथकाच्या संगीताचे एक आधारस्तंभ होते. १९३१ मध्ये पॅरिसच्या शांझेलिझे नाट्यगृहात या पथकाचा पहिला प्रयोग झाला. त्याच नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर अंत्वान बूर्देल याने इसाडोरा डंकन आणि निजिन्स्की यांच्या स्मृतींवरून कोरलेले नृत्यशिल्प आहे. बाहेर दगडातली बखर आणि आत नवे पत्र लिहिले जात आहे, असा तो योग होता.

पुढची गोष्ट अधिक विलक्षण आहे. १९३६ पासून बोनरबाई काशीस असी घाटावर राहू लागल्या आणि १९७८ पर्यंत तेथेच राहिल्या. नृत्यपथकाचा व्याप सुटला आणि त्यांचे लक्ष लेण्यांकडे वळले. वेरूळची लेणी कागदावर उतरविण्याचा प्रयत्न नवा नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याचे गंगाराम तांबट यांनी इंग्रज वकील मॅलेट याच्यासाठी ती रेखाटली होती. परंतु बोनरबाईंना तेथे काही निराळेच दिसले. शिल्पातील हातापायांच्या दिशा एका वर्तुळात बसतात, त्या वर्तुळाच्या व्यासांना समांतर जातात, आणि अवघा शिल्पपट एका अदृश्य आखणीवर तोललेला असतो, असा सिद्धान्त त्यांनी १९६२ साली ग्रंथरूपाने मांडला. त्या सिद्धान्ताचा प्रत्येक तपशील सर्व पंडितांनी मान्य करावा असे नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, ज्या नजरेने नाचणाऱ्या देहातील जोर रेषेत पकडण्याचा सराव केला होता, तीच नजर दगडाकडे वळली. उदयशंकरांनी शिल्पातून नृत्य घेतले होते. त्यांचे नृत्य रेखाटलेल्या हाताने आपला मोहरा पुन्हा शिल्पाकडे वळविला. पत्रे वाचण्याची सवय झाली म्हणजे बखरही निराळी वाचता येते, हा इतिहासकाराचा अनुभव येथे कलेत प्रत्ययास येतो.

आपल्या मुंबईतही असे एक साधक होऊन गेले. उडुपीजवळच्या कट्टिंगेरी गावी १९११ मध्ये जन्मलेले कृष्ण हेब्बर जे. जे. मध्ये शिकले आणि तेथेच अध्यापक झाले. नृत्य रेखाटावयाचे तर बाहेरून पाहणे पुरेसे नाही, असे त्यांना वाटले, आणि हातात कुंचला स्थिरावलेला असताना त्यांनी पंडित सुंदरप्रसाद यांच्यापाशी कथ्थकाचे धडे घेतले. नर्तक व्हावे म्हणून नव्हे. सम कोठे पडते हे आपल्या घोट्याला कळावे म्हणून. १९६४ साली त्यांच्या रेखाचित्रांचे ‘द सिंगिंग लाइन’ हे पुस्तक निघाले. गाणारी रेषा हे नाव सार्थ आहे. त्यांच्या नर्तकीला पुष्कळदा चेहरा नसतो, एका न तुटणाऱ्या रेषेचा ओघ असतो. पण ती कोणत्या पायावर तोलली आहे याविषयी शंका राहत नाही.

येथे कोणी विचारील की, छायाचित्र आणि चित्रपट असताना या खटाटोपाचे प्रयोजन काय? १९२६ सालीच कांदिन्स्की याने ग्रेट पालुका या जर्मन नर्तकीच्या उड्या छायाचित्रांवरून रेषांत मांडल्या होत्या. खुद्द उदयशंकरांनी १९४८ मध्ये ‘कल्पना’ हा चित्रपट केला आणि त्यामुळे त्यांचे नृत्य आपणास आजही पाहता येते. हे ऋण लहान नाही. परंतु कॅमेरा समोर आलेले सर्वच घेतो. त्याचे काही हुकत नाही, म्हणूनच काय महत्त्वाचे होते हे तो सांगत नाही. रेखाटणारा दहा गोष्टी सोडतो आणि एक धरतो. ती एक कोणती, यात त्या काळच्या पाहणाराची साक्ष असते. नृत्य कसे झाले हे चित्रपट सांगेल. ते कसे पाहिले गेले हे वही सांगते.

साक्षीलाही मर्यादा असतात, हे मान्य केले पाहिजे. रेखाटणारा एका जागेवरून पाहतो, जसा पत्रलेखक आपल्या राहुटीतून पाहतो. म्हणून एका पत्रावर इतिहास उभा राहत नाही; पुष्कळ पत्रे ताडून पाहावी लागतात. आणि येथेच आपली उणीव आहे. परंपरागत नृत्याला गुरुशिष्यांची स्मरणशक्ती आहे, बोल आहेत, बंदिशी आहेत. नव्या नृत्याचे तसे नाही. पथक मोडले की रचना बहुधा त्याबरोबर जाते. तिची साक्ष द्यावयाची ती अशा वह्यांनी. बोनरबाईंचा संग्रह झुरिचच्या रीटबर्ग संग्रहालयात आणि काशीच्या भारत कला भवनात जपला गेला. पण प्रत्येक वहीचे भाग्य असे नसते. आमच्या दफ्तरांत कागदांची वर्गवारी असते: कायम ठेवावयाचे ते ‘अ’ वर्गात, वर्षभरात नष्ट करावयाचे ते ‘ड’ वर्गात. चित्रकाराच्या माघारी त्याची तयार चित्रे ‘अ’ वर्गात जातात, आणि नाट्यगृहाच्या अंधारात खरडलेल्या वह्या घरची मंडळी निरुपायाने ‘ड’ वर्गात घालतात. राजवाडे गावोगाव हिंडून जे कागद वाणसामानाच्या पुड्यांपासून वाचवीत होते, तेही कोणीतरी असेच निरुपयोगी ठरविलेले होते.

काला अंबच्या त्या तरुणाला मी निघताना एक गोष्ट सुचविली. जुन्या मराठी पत्रांवर तिथी असते, पण शक नसतो, आणि एका शकासाठी अभ्यासकांना वर्षानुवर्षे झगडावे लागते, हे त्याला सांगितले. त्याने हसून पेन्सिल पुन्हा हातात घेतली. त्या पाय नसलेल्या खेळगड्याच्या खाली त्याने तारीख लिहिली, साल लिहिले, ‘काला अंब’ असे ठिकाण लिहिले. आणि थोडे थांबून हलगी वाजविणाराचे नावही लिहिले. ते काही मी सांगितले नव्हते.