एक मिनिट शांतता, एक मिनिट गोंगाट

रविवार, ३० ऑक्टोबर २०११. भाऊबीज होऊन दोनच दिवस झालेत. भिलाईतल्या सेक्टरच्या क्वार्टरांपुढे तेल संपलेल्या पणत्या अजून तशाच आहेत, चिवड्याचा डबा तळाला लागलाय, आणि तुम्ही नाइट शिफ्ट करून घरी आलेले आहात. डोळ्यांवर झोप आहे, पण आज झोपायचं नाही. देशात पहिल्यांदाच फॉर्म्युला वनची शर्यत होते आहे. ग्रेटर नोएडापर्यंत जाणं, वर त्या शर्यतीचं तिकीट, दोन्ही खिशाला झेपणारं नव्हतं. आता तिकीट लागत नाही. डोळे मिटा.

उघडा.

बुद्ध सर्किटच्या ग्रिडवर उभे आहात तुम्ही. पायाखाली नवंकोरं, काळंभोर डांबर आहे आणि त्यावर धुळीचा बारीक थर. दिल्लीकडचं धुरकट ऊन. मेकॅनिक टायरांवरची गरम आवरणं चाचपत आहेत, मुख्य स्टँड माणसांनी भरला आहे. नारायण कार्तिकेयनच्या नावाने कोणीतरी ओरडतं आणि त्याला दहा ठिकाणांहून साथ मिळते. मग हळूहळू सगळं थांबतं. ड्रायव्हर हेल्मेटं काढून उभे राहतात. गेल्या दोन आठवड्यांत शर्यतीत गेलेले मोटारचालक डॅन वेल्डन आणि मोटारसायकलस्वार मार्को सिमोनचेली, या दोघांसाठी एक मिनिट शांतता.

जेन्सन बटनकडे बघा. वेल्डन त्याच्या पोरवयातला प्रतिस्पर्धी. इंग्लंडातल्या कार्टिंगच्या ट्रॅकवर दोघांनी एकमेकांना पाठीमागे टाकायचा प्रयत्न करत बालपण घालवलं. आता सेबास्टियन फेटेलकडे बघा. आज तो पहिल्या जागेवरून निघणार आहे. वय २४. सिमोनचेलीचंही २४ होतं.

मिनिट संपतं. तीन वाजता इंजिनं एकदम पेटतात आणि तो आवाज कानात शिरण्याआधी छातीत शिरतो. ५ किलोमीटरच्या वर लांबीच्या त्या ट्रॅकवर ६० फेऱ्या होतात. सचिन तेंडुलकर चौकटींचा झेंडा हलवतो. फेटेल पहिला, बटन दुसरा. शर्यतीनंतर फेटेल जिंकल्याच्या आनंदाबरोबर गेलेल्या सोबत्यांबद्दलही बोलतो.

तुम्ही कारखान्यातले आहात. शिफ्टमध्ये माणूस गेला तरी पुढची शिफ्ट वेळेवर लागते, हे तुम्हाला कोणी समजवायला नको. भट्टी थांबवता येत नाही. म्हणून ते इंजिन चालू होणं तुम्हाला क्रूर वाटत नाही. वेगळाच प्रश्न मनात येतो: त्या एका मिनिटानंतर या दोघांचं काय उरतं? ते बघायला आधी मागे जावं लागेल.

१६ ऑक्टोबर २०११, लास वेगास. दीड मैलाचा अंडाकृती ट्रॅक, वळणांवर कलता. त्यावर एकाच वेळी ३४ गाड्या. एवढ्या छोट्या ट्रॅकवर एवढी गर्दी, तीही ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास! तुम्ही कुंपणाशी उभे आहात, पण कोणती गाडी कोणती ते कळत नाही, नुसता रंगांचा पट्टा सरकतो. वेल्डन सर्वांत मागून, चौतिसाव्या जागेवरून निघाला आहे. मागून येऊन तो जिंकला तर ५० लाख डॉलरचं बक्षीस आहे, अर्धं त्याला आणि अर्धं एका प्रेक्षकाला. याच वर्षी मे महिन्यात त्याने इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत दुसऱ्यांदा जिंकली, तीही शेवटच्या वळणावर पुढची गाडी भिंतीवर आदळली म्हणून. तरी या मोसमात त्याच्याकडे कायमची गाडी नाही. वय ३३. घरी दोन मुलगे, धाकटा अजून तान्हा.

अकरावी फेरी. पुढे दोन गाड्या एकमेकींना लागतात. मागच्यांना जायला जागा नाही. १५ गाड्या त्यात सापडतात. वेल्डनची गाडी हवेत उडते आणि जाळीच्या कुंपणावर आदळते. तुम्हाला आगीचा वास ओळखीचा आहे. जळलेल्या रबराचा आणि कार्बनचा हा वास मात्र नवा.

दोन तासांनी वेल्डन गेल्याची बातमी येते. शर्यत रद्द. उरलेल्या गाड्या तीन-तीनच्या रांगेत पाच फेऱ्या मारतात, आणि गॅरेजच्या बाहेर उभी राहिलेली आडदांड माणसं तोंड लपवत नाहीत, उघडपणे रडतात.

एक गोष्ट इथून नीट बघून घ्या. कायमची गाडी नसल्यामुळे वेल्डन त्या वर्षभर दुसऱ्याच कामावर होता. पुढच्या मोसमासाठी बनत असलेली नवी, अधिक सुरक्षित गाडी चालवून तपासणं हे त्याचं काम. त्या गाडीच्या मागच्या चाकांमागे आवरण होतं. पुढच्या गाडीच्या चाकावर मागच्याचं चाक चढलं की गाडी उडते, ते टाळण्यासाठी. जी गाडी तो घडवत होता ती त्या दिवशी त्याच्या अंगाखाली नव्हती.

आता आठवडाभर पुढे. २३ ऑक्टोबर, मलेशियातलं सेपांग. दमट, चिकट दुपार. दुसरीच फेरी, अकरावं वळण. ५८ नंबरची पांढरी होंडा चौथ्या जागेसाठी झुंजते आहे. सिमोनचेली घसरतो, पण घसरणारी मोटारसायकल सहसा वळणाच्या बाहेर जाते तशी ही जात नाही. टायरला पुन्हा पकड मिळते आणि ती आतल्या बाजूला, मागून येणाऱ्यांच्या वाटेत वळते. मागून येणारे कॉलिन एडवर्ड्स आणि व्हॅलेंटिनो रॉसी. रॉसी त्याचा जिवलग मित्र. दोघांनाही टाळायला वेळ नाही. हेल्मेट डोक्यावरून निघून घरंगळत जातं. ते तुम्ही बघू नका.

या मुलाच्या बापाची गोष्ट मात्र डोळे उघडून बघायला हवी. ६ नोव्हेंबर, स्पेनमधलं व्हॅलेन्सिया. मोसमातली शेवटची शर्यत. सगळ्यांना वाटतं, इथेही शांतता पाळतील. पाओलो सिमोनचेली म्हणतात, शांतता नको. माझा मुलगा शांत नव्हता, त्याच्यासाठी गोंगाट करा. आणि सगळे स्वार ट्रॅकवर एक फेरी मारतात, निवृत्त झालेला केव्हिन श्वांट्झ ५८ नंबरची गाडी चालवत पुढे असतो, मग फटाके आणि इंजिनांचा कल्लोळ. कान झाकू नका. शोकसभेत मान खाली घालून उभं राहायला शिकलेली माणसं आपण. दुःख इतकं मोठ्याने सांगता येतं हे मला तरी आधी ठाऊक नव्हतं.

पाओलो तिथे थांबले नाहीत. मुलाच्या नावाने त्यांनी संघ काढला, कोवळ्या पोरांना शर्यतीत उतरवणारा. मिसानोच्या सर्किटला मार्कोचं नाव मिळालं. ५८ हा आकडा मोटोजीपीत पुन्हा कोणाला दिला जाणार नाही.

आणि वेल्डन? २७ मे २०१२ला इंडियानापोलिसला या. सव्विसाव्या फेरीला स्टँडमधली माणसं पांढरे गॉगल डोळ्यांवर चढवतात. २००५ मध्ये तो इथे पहिल्यांदा जिंकला तेव्हा त्याचा नंबर २६ होता, आणि पांढरे गॉगल ही त्याची लाडकी फॅशन. पहिले तिघे, फ्रँकिटी, डिक्सन आणि कनान, त्याचे मित्र. सगळे ३३ जण जी गाडी चालवत आहेत तिचं नाव डीडब्ल्यू १२. डॅन वेल्डन, २०१२. त्याने तपासून दिलेली गाडी त्याच्या नावाने धावते आहे.

असं नाव टिकणं किती दुर्मीळ आहे ते बघायला तुम्हाला परत घरी यावं लागेल.

१२ जून २०१४, भिलाईचा पोलाद कारखाना. संध्याकाळ. पंपहाउसच्या बाजूला पाण्याची मोठी लाइन फुटते, दाब पडतो, आणि भट्टीचा वायू पाण्याने अडवलेला असतो तो मोकळा होतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. आधी गेलेल्यांना बाहेर काढायला दुसरे आत जातात. सहा जणांचा जीव जातो, त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक. मग ९ ऑक्टोबर २०१८. कोक ओव्हनच्या गॅस लाइनवर देखभालीचं काम सुरू असताना सकाळी आग भडकते. मृतांचा आकडा पुढच्या दिवसांत वाढतच जातो. त्यांत अग्निशमन दलाचे लोक आहेत, जे इतरांना काही होऊ नये म्हणून तिथे उभे होते.

शर्यतीच्या जगात अशा माणसांना मार्शल म्हणतात. २००० साली मोंझाला पाओलो जिस्लिम्बेर्ती आणि २००१ साली मेलबर्नला ग्रॅहम बेव्हरिज, दोघेही गाडीतून उडालेल्या चाकाने किंवा तुकड्याने गेले. दोघेही ट्रॅकच्या कडेला उभे असणारे स्वयंसेवक. चाकं गाडीला बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या पुढे आणखी मजबूत झाल्या. त्या दोऱ्यांना मात्र कोणी जिस्लिम्बेर्तीचं नाव दिलं नाही. तुमच्या कारखान्यातल्या कामाच्या परमिटवरच्या अटी अशाच आहेत. एखादी ओळ कधी आणि कशामुळे आली हे जुन्या माणसाला आठवतं. तो निवृत्त झाला की नुसती ओळ उरते, आणि नवा पोरगा ती न वाचता सही करतो. मला यात सगळ्यात मोठा धोका दिसतो. नाव गळालं की नियम कटकट वाटायला लागतो.

फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर ज्यूल्स बियांकी, त्याचं नाव अजून गळलेलं नाही. ५ ऑक्टोबर २०१४, सुझुका, पाऊस. त्याची गाडी घसरून, दुसऱ्याची आधी घसरलेली गाडी उचलणाऱ्या यंत्रावर जाते. नऊ महिने बेशुद्ध राहून तो पुढच्या जुलैत जातो. त्याच्यानंतर, २०१८ पासून फॉर्म्युला वनच्या प्रत्येक गाडीत ड्रायव्हरच्या डोक्याभोवती टायटॅनियमची कमान बसते, हेलो. २९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनला रोमाँ ग्रोजाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसते, दुभंगते, पेटते. तुम्ही जवळ उभे आहात आणि मनात धरून चालता की संपलं. जवळपास अर्ध्या मिनिटाने तो ज्वाळांतून स्वतःच्या पायांवर बाहेर येतो. धातूत आयुष्य घालवलेल्या माणसाने ती कमान एकदा हात लावून बघावी.

आता आपल्या देशात. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक, ८ जानेवारी २०२३. सलून गाड्यांची शर्यत. के. ई. कुमार, वय ५९, अनेक वर्षं शर्यतीत मुरलेले. त्यांची गाडी दुसऱ्या गाडीला लागते, ट्रॅक सोडते, कुंपण तोडते आणि टपावर उलटी पडते. लाल झेंडे. काही मिनिटांत त्यांना बाहेर काढतात, रुग्णालयात नेतात. ते वाचत नाहीत. त्या दिवसाच्या उरलेल्या शर्यती रद्द होतात.

त्याच ट्रॅकवर ५ ऑगस्ट २०२३. शनिवार. बेंगळुरूचा मोटारसायकलस्वार श्रेयस हरीश. दहा दिवसांपूर्वी त्याचा तेरावा वाढदिवस झाला आहे. सकाळी त्याने पहिली जागा मिळवली आहे. या मोसमात तो जिंकतोच आहे. याच महिन्यात त्याला मलेशियाला जायचं आहे, सेपांगला, सिमोनचेलीच्या त्याच ट्रॅकवर. शर्यत सुटते, पहिल्या वळणातून बाहेर पडताना तो पडतो. डोक्याला मार. रुग्णवाहिका ट्रॅकवरच तयार होती. तरीही.

कोणीतरी म्हणतं, आवडतं काम करताना गेला. इथे उभं राहून मी हे वाक्य स्वीकारत नाही. ५९ वर्षांच्या माणसाबद्दल ते म्हणता येईल, त्याने मोजूनमापून निवड केलेली असते. तेरा वर्षांच्या मुलाबद्दल ते म्हणणं म्हणजे मोठ्यांनी स्वतःची सुटका करून घेणं आहे. त्याच्यासाठी निवड मोठ्यांनी केलेली असते, आणि उत्तरही मोठ्यांनीच द्यायचं असतं: किती वयाला, किती ताकदीच्या गाडीवर, किती जणांच्या गर्दीत.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मोटोजीपी बुद्ध सर्किटवर येते. तुम्ही भिलाईत टीव्हीसमोर आहात, शेजारी तुमचा भाचा. तोही तेराचाच. खुर्चीच्या कडेला येऊन बसलाय, वळण आलं की गाडीबरोबर तोही झुकतो.

"मामा, मला पण शिकायचंय. कार्टिंग तरी."

तुम्ही त्याला श्रेयसबद्दल सांगता, सगळं, वयासकट. मग सिमोनचेलीबद्दल आणि त्याच्या बापाबद्दल. मग वेल्डनच्या गाडीबद्दल. तो बराच वेळ ऐकतो. नाही म्हणायचं तुमच्या मनात नाही, हो म्हणायला जीभ रेटत नाही.

"आधी जाऊन जागा बघू," तुम्ही म्हणता. "ट्रॅकवर डॉक्टर आहे का, रुग्णवाहिका दिवसभर उभी असते की फोन केल्यावर येते, मानेला आधार देतात का, कुंपण कशाचं आहे. ते सगळं तू विचारायचंस, मी नाही. उत्तरं वहीत लिहून आण. मग तुझ्या आईशी मी बोलतो."

"आणि त्यांनी उत्तर दिलं नाही तर?"

"तर आपण दुसरी जागा शोधू."