तिथी आणि तारीख जुळविणारा शाळामास्तर

जुन्या सनदा, महजर, इनामपत्रे वाचू लागले की पहिली अडचण येते ती सालाची. एका कागदावर शक, दुसऱ्यावर हिजरी सन. हिजरी सनाचा आरंभ इ. स. ६२२ मधला, म्हणून नुसते ६२१ मिळवून हिजरी १००० चे इ. स. १६२१ केले, तर तीस वर्षांची चूक होते. ते वर्ष प्रत्यक्षात सुरू झाले १५९१ च्या ऑक्टोबरात. कारण हिजरी वर्ष शुद्ध चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. शकाच्या वर्षात मात्र अधिक मास धरून ऋतूंशी मेळ राखलेला असतो. तीस वर्षांची चूक म्हणजे सनद देणाराच बदलला !

हा गुंता सोडविणाऱ्यांत एका मराठी शाळामास्तराचे नाव अग्रभागी आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली दापोली तालुक्यातील मुरूड येथे झाला. ते मॅट्रिकपर्यंत शिकले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा बदल्यांच्या नोकरीत त्यांनी शिक्षकी केली आणि उरल्या वेळात ज्योतिषगणिताचा व्यासंग केला. फ्लीटसाहेबांनी १८८८ साली गुप्तकालीन शिलालेखांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील तिथिगणितासाठी त्यांना दीक्षितांची मदत झाली.

१८९६ साली त्यांची दोन मोठी कामे प्रकाशात आली. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मराठी ग्रंथात वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंतचा या शास्त्राचा इतिहास आहे. कृत्तिका नेमक्या पूर्वेस उगवतात, या शतपथ ब्राह्मणातील उल्लेखावरून त्यांनी त्या काळाचे गणित मांडले, ते याच ग्रंथात. दुसरा ग्रंथ रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेला, इंग्रजी, लंडनला छापलेला. त्यात हिंदू तिथी आणि हिजरी तारखा इसवी सनात आणण्याची कोष्टके एकत्र दिली आहेत. दोन्ही परंपरांचे कागद एकाच कालरेषेवर मांडण्याचे साधन अभ्यासकांना मिळाले.

१८९८ साली दीक्षित वारले. वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढे भारत सरकारने त्यांच्या मराठी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर दोन भागांत प्रसिद्ध केले.

खंडाळ्यासारख्या तालुक्यातील विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी हे चरित्र जरूर वाचावे. घरच्या पेटीत एखादा जुना कागद असेल, तर त्यावरील साल अंदाजाने न लावता कोष्टकावरून काढून पाहावे. दीक्षितांच्या श्रमांचा मान राखण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग होय.